आईबद्दल लिहायचंय, पण "प्रेमळ होती"च्या पुढे पेन सरकत नाही

प्रश्न : ताई नमस्कार. आईला जाऊन दहा महिने झाले, वर्षश्राद्धाला सगळे गावी जमणार आहेत तेव्हा तिच्यावर छोटी पुस्तिका काढून नातेवाइकांना द्यायची असं मी नि भावाने ठरवलंय. गाव पाटण तालुक्यातलं, वडील मुंबईत माथाडी कामगार, आईने अख्खा जन्म गावी सासू-सासरे, दोन म्हशी नि आम्हा चार भावंडांत काढला. लिहायला बसले तर "प्रेमळ, कष्टाळू, सगळ्यांना धरून राहणारी" एवढं झालं नि पुढे काही सुचेना. तिची खरी जन्मतारीखही माहीत नाही, आधार कार्डावर 1 जून आहे. माझी मुलगी दहावीत आहे, आजीवर तिचा फार जीव, ती म्हणाली, आई, तुला आजीचं एवढंच माहितीये? ते मनाला लागलंय. आईचं जुनं काय उरलंय म्हणाल तर अंगणात पडलेलं जातं नि मोबाईलमधले तिचे व्हॉइस मेसेज. काय करू?
— एक वाचक, कराड

उत्तर : अहो, मनाला लावून घेऊ नका, आपल्या आया स्वतःबद्दल बोलायच्याच नाहीत, विचारलं की "माझं काय मेलं सांगायचं" म्हणून उठून कामाला लागायच्या.

आधी ते 1 जूनचं. ती तारीख बहुतेक गुरुजींची. जन्माची नोंद नसली की शाळेत नाव घालताना अंदाजाने वर्ष धरायचं आणि 1 जून टाकायचं, जूनमध्ये शाळा सुरू म्हणून, त्यामुळे महाराष्ट्रात घरोघरी 1 जूनचे वाढदिवस आहेत. त्या बायकांचं कॅलेंडर वेगळंच होतं. तुमच्या पाटणात तर कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967, पहाटे चार-सव्वाचारच्या सुमाराला. त्याआधी धरणात गावं उठली ते दिवस. नंतर 1972 चा दुष्काळ आणि रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी. आई कशी होती असं कुणाला विचारूच नका, सगळे "लई चांगली होती" म्हणतील आणि डोळे पुसतील. भूकंपाच्या रात्री ती कुठे होती, लग्न झालं होतं का, कडेवर कोण होतं, असं विचारा.

माझी आजी त्याच पट्ट्यातली. आमच्या बाबांची शाळेतली तारीख 1 जून 1966, आणि आजी एकदा भाकऱ्या थापता थापता सहज म्हणाली, भूकंपात तुझा बाप पोटात होता, सातवा लागला होता. म्हणजे बाबा जन्मले 1968 च्या फेब्रुवारी-मार्चात, आणि कागदावर पावणेदोन वर्षं आधीच रिटायर झाले! मग मी खोदून विचारत गेले. ती पहाटे दळायला बसली होती, रॉकेलची चिमणी कलंडली, जातं जागचं हललं, तिला वाटलं आपल्यालाच चक्कर आली, म्हणून तिने खुंटा आणखी घट्ट धरला. पुढे कितीतरी दिवस सगळं गाव थंडीत उघड्यावर झोपलं आणि ही सात महिन्यांची पोटुशी. आजीला मी तीस वर्षं ओळखत होते, पण त्या खुंट्यावरच्या हातामुळे ती मला पहिल्यांदा विशीतली पोरगी दिसली.

तुमच्या आईच्या जावा, नणंद, माहेरची मैत्रीण, जे कोण हयात असेल त्यांना पुस्तिकेच्या आधी गाठा, छपाई आठ दिवसांत होते. मुलीलाच पाठवा विचारायला, नातवंडांना म्हाताऱ्या जास्त सांगतात, आपल्याला आडपडदा ठेवून सांगतात. ट्रंकेत मुंबईहून आलेली अंतर्देशीय पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या असल्या तर तारखा लावायला सोनं आहे. आणि आईचा राग, अबोला, एखाद्या सुनेशी न पटणं, तेही थोडं येऊ द्या, नाहीतर वाचणाऱ्याला ती ओळखूच येणार नाही. व्हॉइस मेसेज मात्र आजच्या आज दुसरीकडे कॉपी करा, फोन बिघडला की गेले, "जेवलीस का" एवढाच असला तरी ठेवा.

जात्याचं सांगते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर भरल्या, आता त्या 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर आहेत, बऱ्याच तर बायकांच्या स्वतःच्या आवाजात ऐकायला मिळतात. आई-लेक, माहेर, भाऊ, सासुरवास यांच्यावर ढीगभर आहेत. आपल्या आया जे तोंडाने बोलल्या नाहीत ते तिथे गायल्या आहेत. पुस्तिकेत तिथली ओवी घेतलीत तर गाणारीचं नाव आणि गाव नक्की टाका. पण तुमच्या आईची स्वतःची ओवी शोधायची तर जाऊबाईंकडेच जावं लागेल, आणि नुसतं "ओवी म्हणा" म्हटलं तर आठवत नाही हो, हात फिरावा लागतो. अंगणातलं जातं धुऊन पुसून नीट बसवा, मूठभर नाचणी टाका, त्यांना दळायला बसवा आणि समोर तुम्ही स्वतः खुंट्याला हात लावा. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवून द्या, गा म्हणून म्हणू नका.