शाळेची परसबाग : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मी निवृत्त ग्रामसेवक, अमळनेर तालुक्यात राहतो. गावच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांबरोबर परसबाग करायची आहे. मागे पाच गुंठे जागा आहे, सगळी काळी जमीन. सुरुवात कुठून करू?

पाच गुंठ्यांचा मोह आधी सोडा. पहिल्या वर्षी १० फूट लांब, ३ फूट रुंद असे चारच वाफे करा. तीन फुटांपेक्षा रुंद वाफ्यात मुलांचा हात मधोमध पोचत नाही, मग ती आत पाय टाकतात आणि माती दाबली जाते. चार वाफे म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. हिवाळ्यात त्यांना रोज ५०-५५ लिटर पाणी लागतं. शंभर मुलांनी जेवणाआधी आणि नंतर हात धुतले तरी जवळपास तेवढं पाणी निघतं. नळाखालून उताराने चर काढा. साबणाचं पाणी मात्र पालेभाजीला नको, ते शेवग्याकडे वळवा.

काळ्या जमिनीत सपाट वाफा करू नका. गादी वाफा सहा ते आठ इंच उंच हवा, दोन वाफ्यांमध्ये फूटभर चर, आणि चराचं तोंड उताराकडे. माती वाफशावर आली, म्हणजे ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, तरच खणा. ओली असताना मुलांनी तुडवली तर तिची ढेकळं होतात आणि पुढचे दोन महिने ती फुटत नाहीत. प्रत्येक वाफ्याला दोन घमेली पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत पुरे. ताजं शेण घातलंत तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी हमखास येते.

जमिनीआधी दोन माणसांना भेटा : मुख्याध्यापक आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई. पहिल्यांकडून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडून घ्या, म्हणजे बदली झाली तरी बाग कुणाची तरी राहते. ताईंना विचारा की खिचडीत कोणती भाजी त्यांना सहज घालता येते. मेथी आणि पालक निवडायला सोपे, शेवग्याचा पालाही डाळीत चालतो. कारलं पिकवाल तर ते पातेल्यापर्यंत पोचणार नाही.

मेथीचं एका वाफ्याला २५ ते ३० ग्रॅम बी लागतं. रात्रभर भिजवा, वीतभर अंतरावर ओळीत टाका आणि बोटाच्या पेरापेक्षा कमी खोल झाका. आधी मुलांना २० दाणे ओल्या फडक्यात बांधायला सांगा. तीन-चार दिवसांनी किती उगवले ते मोजू द्या. पंधरा उगवले म्हणजे ७५ टक्के. टक्केवारीचं गणित इथे फळ्यापेक्षा चांगलं समजतं, आणि बी जुनं निघालं तर जास्त टाकायचं हेही कळतं. वाफ्याचे तीन भाग करून दर आठवड्याला एक भाग पेरा, म्हणजे सगळी मेथी एकाच दिवशी काढावी लागत नाही. बाजारातल्या जुडीएवढी ती २५ ते ३० दिवसांत होते. वाफ्यातून साधारण अडीच-तीन किलो भाजी निघते. वजन मुलांनीच वहीत लिहावं.

एका मोठ्या माणसामागे आठ-दहा मुलं, त्याहून जास्त नकोत. खुरपं त्यांच्या हातात, तुमचे हात मागे. ओळ वाकडी झाली तरी ती सरळ करायला तुम्ही पुढे जाऊ नका.

प्रश्न : रावेर तालुक्यातील पालक. मुलांनी लावलेली मिरची-टोमॅटोची रोपं पिवळी पडून गेली. पावसाळ्यातही दोन वेळा पाणी घालत होतो. कुंपणापलीकडे केळी आहे आणि शेजारचे भाऊ म्हणतात, काकडी लावू नका.

पाणीच जास्त झालं. काळी माती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही, अन्न उचललं जात नाही आणि पानं पिवळी पडतात. पाणी घालण्याआधी मुलांनी बोट दोन पेरं खोल खुपसून पाहावं. माती चिकटली तर त्या दिवशी झारी ठेवून द्यायची.

तुमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे. केळीवरच्या हरण्या रोगाचा विषाणू काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची यांच्यावरही असतो आणि मावा तो केळीवर नेतो. शाळेच्या चार वेलींमुळे कुणाच्या केळीबागेचं नुकसान होऊ नये. तिथे मेथी, पालक, अंबाडी आणि कडेला शेवगाच लावा. केळीचा वाळलेला पाला आच्छादनाला मागा, सहसा कुणी नाही म्हणत नाही.

प्रश्न : शिरपूरजवळची शाळा. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात बाग मरते.

बाग सुट्टीच्या वेळापत्रकानेच आखायला हवी. जूनमध्ये शाळा उघडली की चांगल्या पावसानंतर गवार, भेंडी, गिलकी लावा. ऑगस्टमध्ये वांग्याची रोपं. भरताचं वांगं लावणार असाल तर तीन-तीन फुटांवर, म्हणजे एका वाफ्यात तीन-चार झाडंच. ते दिवाळीनंतर लागायला लागतं आणि चंपाषष्ठीच्या सुमारास शाळेत भरीत होऊ शकतं. हे देशी वाण असल्याने चांगल्या झाडाचं एक फळ पिवळं होईपर्यंत ठेवून बी धरता येतं. संकरित बियाण्याचं तसं होत नाही.

पालेभाजी दिवाळीच्या आधी पेरू नका. शाळा उघडल्यावर पेरा. सुट्टीत फक्त उभी झाडं राहतात. त्यांना तीन इंच पाल्याचं आच्छादन घाला आणि एक दिवसाआड पाणी घालायला शाळेजवळच्या दोन घरांना आधीच सांगून ठेवा.

मार्चअखेर सगळं काढून टाका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचा पारा ४५ अंशांवर जातो, मुलांना उन्हात उभं करून भाजी जगवण्यात अर्थ नाही. वाफे खणून तापू द्या, किडींचे कोष आणि तणांचं बी बरंच मरतं. शेवगा आणि कढीपत्ता तेवढे राहू द्या.

प्रश्न : नंदुरबारहून. वांग्याचे शेंडे माना टाकतात. एखादी फवारणी घेऊ का?

शाळेत रासायनिक औषध आणूच नका, रिकामा डबाही नको. कपाशीच्या औषधाच्या बाटलीची झारी करून मुलांना दिली जाते, ती तर कधीच नको.

शेंडा पोखरणारी अळी आहे. सुकलेल्या भागाच्या इंचभर खालून शेंडा कापा, चिरून अळी मुलांना दाखवा आणि शेंडे जाळून टाका. दर आठवड्याला हे केलंत तर निम्मं काम होतं. शेंडे वेचून बांधावर टाकले तर अळी परत येते. उरलेल्या किडीला निंबोळी अर्क : सावलीत वाळवलेल्या निंबोळीची पूड ५० ग्रॅम एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा. जून-जुलैत निंबाखाली सडा पडतो तेव्हा निंबोळ्या गोळा करून ठेवा, थंडीत त्या सापडत नाहीत. फवारल्यानंतर चार-पाच दिवस फळ तोडू नका, आणि तोडल्यावर धुऊनच शिजवा.