मधली जागा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. माहेरच्या पंचायतनात, म्हणजे देव्हाऱ्यातल्या पाच देवांच्या मांडणीत, गणपती मधोमध आणि सासरी मध्ये शंकर नि गणपती कोपऱ्यात, हे पहिल्याच सकाळी पाहून तुला रडू आलं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. परीक्षेला निघताना ज्याच्यापुढे हात जोडले, त्याला असं कडेला पाहणं जड जातंच.

पण एकदा देव धुवायचं काम मागून घे, आणि घाई करू नकोस. शंकराचा बाण म्हणजे लिंगाच्या आकाराचा गुळगुळीत दगड, विष्णूचा शाळिग्राम, गणपतीचा तांबडा पाषाण, सूर्याचा स्फटिक, देवीचा सोनेरी झाक असलेला दगड. परंपरेने बाण नर्मदेतला, शाळिग्राम नेपाळातल्या गंडकीतला, गणपती शोण नदीतला. एकालाही हात नाहीत की डोळे नाहीत. शाळिग्रामावरचं चक्र हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री जीवाचा ठसा आहे. ते कळल्यावर तर माझा हात त्यावरून अधिकच हळू फिरतो.

आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा चांदीचा टाक आहे. पिढ्यानपिढ्या रांगोळीने घासून तो पार झिजलाय. अंगठा फिरवला की घोड्याची मान लागते, देवाचा चेहरा लागत नाही. तरी भंडारा लावताना सासूबाईंचं बोट बरोबर कपाळाच्या जागी जायचं. टाक उजळून आणू का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "कशाला? मला दिसतोय की." रूप कशासाठी असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

पंचायतनातही तसंच बघ. ज्या घराचं जे दैवत ते मध्ये, बाकीचे चार भोवती. ही पद्धत आद्य शंकराचार्यांनी रूढ केली असं मानतात. पाच जण तेच, ताम्हन तेच. मधली जागा मात्र कुणा एकाला कायमची दिलेली नाही. मध्ये कोणीही असो, पूजा पुरी होते, कारण ती पोचते एकालाच. तू रोज अथर्वशीर्ष म्हणतेस ना? त्यात गणपतीलाच ब्रह्मा, विष्णू, रुद्र, इंद्र, अग्नी, वायू, सूर्य, चंद्र म्हटलंय. म्हणजे तो बाण तुझ्या पाठातच होता, फक्त आपण ती ओळ भरभर म्हणतो.

मात्र सगळं एकच आहे म्हणून कसंही चालतं, असं समजू नकोस. गणपतीला दूर्वा, विष्णूला तुळस, शंकराला बेल. ज्याला जे आवडतं ते त्याला मनापासून द्यावं. एखाद्या माणसावर जीव लावतो तो त्याच्या आवडीनिवडीसकटच ना? तुझा गणपतीही सोडू नकोस. अथर्वशीर्ष चालू ठेव, येत्या संकष्टीला सासूबाईंना विचारून एकवीस दूर्वांची जुडी त्याला वाहा. त्या नाही म्हणणार नाहीत. आणि देव्हाऱ्यातली मांडणी बदलायचं मनातसुद्धा आणू नकोस. त्या घरातल्या चार पिढ्यांचे हात त्या बाणावरून फिरले असतील.

सोमवारी त्याला बेल वाहशील तेव्हा पान पालथं ठेव. हे तुला कोणी शिकवलं नसेल. तुझ्या माहेरी शंकर इतकी वर्षं कोपऱ्यातच होता.

तुझी,
मावशी