बाळ आडवे आहे आणि दिवस भरत आले आहेत

‘माझे काही चुकले का?’ शेवटच्या महिन्यांतील सोनोग्राफीत बाळ आडवे दिसले, की समोर बसलेली स्त्री बहुधा हाच प्रश्न सर्वांत आधी विचारते. बाळ सुखरूप येईल का, ऑपरेशन करावे लागेल का, हे प्रश्न मनात असतातच, पण ते नंतर येतात. गरोदर स्त्रियांच्या समुपदेशनाचे काम करताना हा क्रम मी इतक्या वेळा पाहिला आहे, की त्या पहिल्या प्रश्नाचे नीट उत्तर दिल्याशिवाय पुढचे काहीही सांगण्यात अर्थ नसतो, असे माझे ठाम मत झाले आहे. येथे सांगते ती हकीकत गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका शिक्षिकेची आहे. तिच्या संमतीने ती लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली मुलगी पाच वर्षांची, तिचा जन्म नैसर्गिक प्रसूतीने आणि विनासायास झालेला. दुसऱ्या वेळी ती माझ्याकडे आली तेव्हा 34 वा आठवडा चालू होता. सोनोग्राफीच्या कागदावरील ‘ट्रान्सव्हर्स लाय’ या शब्दांखाली तिने पेनाने दोन रेघा मारल्या होत्या, आणि वहीच्या एका पानावर स्वतःच्या चुकांची यादी लिहून आणली होती. पाण्याची कळशी उचलली. शाळेपर्यंत स्कूटर चालवली. उजव्या कुशीवर झोपले. ग्रहणात भाजी चिरली. अशा नऊ नोंदी होत्या.

ती यादी मी बाजूला सारली नाही. एकेक ओळ वाचून तिच्याशी बोलले, कारण ज्या स्त्रीने रात्री जागून नऊ कारणे शोधली आहेत तिला ‘तसे काही नसते’ एवढे एकच वाक्य पुरत नाही. बाळ आडवे राहते म्हणजे त्याचे डोके आईच्या एका कुशीकडे आणि पार्श्वभाग दुसऱ्या कुशीकडे असतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हे अधिक आढळते, कारण आधीच्या गरोदरपणात ताणलेले पोटाचे स्नायू सैल झालेले असतात आणि बाळाला उभे धरून ठेवणारा आवळ कमी पडतो. याशिवाय वार खाली गर्भाशयाच्या तोंडाजवळ असणे, गर्भजल जास्त असणे, गर्भाशयात गाठ असणे, गर्भाशयाचा आकार जन्मतःच वेगळा असणे किंवा जुळी बाळे असणे, ही कारणे डॉक्टर तपासून पाहतात. तिच्या कागदांवर वार वर होती, गाठ नव्हती आणि पाणी योग्य प्रमाणात होते. म्हणजे कारण असलेच तर ते तिच्या पहिल्या मुलीने सैल केलेल्या पोटात होते. कळशी, स्कूटर, कूस आणि ग्रहण यांपैकी कशानेही बाळ आडवे होत नाही. (शेवटच्या महिन्यांत उताणे न झोपता कुशीवर झोपावे, हा सल्ला मात्र खरा आहे. त्याचा हेतू गर्भाशयाकडे जाणारे रक्त दबू नये हा असतो. बाळ वळवण्याशी त्याचा संबंध नाही.)

यानंतर माझ्याकडून एक चूक झाली आणि तिच्यामुळेच ही हकीकत लिहावीशी वाटली. तिला धीर देण्यासाठी मी म्हटले, की 34 व्या आठवड्यात पोटात पाणी भरपूर असते, जागा असते, आणि या सुमारास आडवी असलेली बहुतेक बाळे पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आपणहून डोके खाली करतात. पूर्ण दिवस भरल्यावर आडवे राहिलेले बाळ साधारण 300 मध्ये एखादेच असते. यातील प्रत्येक शब्द खरा होता. ती हसून घरी गेली. 36 वा आठवडा संपत आला तेव्हा ती पुन्हा आली, बाळ आडवेच होते, आणि ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती. ‘सगळ्यांची बाळे फिरतात, माझेच फिरले नाही,’ ती म्हणाली. मी दिलेल्या आकड्याचा तिच्या घरी जाऊन परीक्षेचा निकाल झाला होता, आणि त्या परीक्षेत ती नापास झाली होती. तेव्हापासून मी हा आकडा अर्धा सांगत नाही. बहुतेक बाळे फिरतात, काही फिरत नाहीत, जी फिरत नाहीत त्यांच्या आईने काही कमी केलेले नसते, आणि त्यांच्यासाठीही ठरलेला, सुरक्षित मार्ग आहे, हे चारही भाग मी आता एकाच वेळी सांगते.

त्या दिवशी तिच्यासोबत नवरा आणि सासू आली होती. सासूचे म्हणणे स्पष्ट होते. शेजारच्या वाड्यावर एक वृद्ध वयजीण, म्हणजे सुईण, आहे, तिचा हात चांगला आहे, ती खोबरेल तेलाने पोट चोळून बाळ सरळ करते, आणि आठ दिवसांनी यायला ती तयार आहे. नवरा गप्प होता. सून रडवेली झाली होती, कारण तिला ते करायचे नव्हते आणि नाही म्हणायचे बळही नव्हते.

सासूला विरोध करण्याऐवजी मी विचारले, ‘मांय, आडवे मूल तुम्ही आधी कुठे पाहिले आहे का?’ त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी आपल्या मोठ्या जावेची गोष्ट सांगितली. पावसाळ्याचे दिवस, ओढ्याला पूर, कळा सुरू झालेल्या, आणि बाळाचा एक हात आधी बाहेर आलेला. पहाटेपर्यंत वाट मोकळी झाली नाही. बाळ गेले, आणि दोन दिवसांनी जाऊही गेली. घरात त्यावर कोणी कधी बोलले नव्हते. सुनेने आणि मुलाने ती गोष्ट त्या दिवशी प्रथमच ऐकली. मांयचा चोळण्याचा आग्रह अडाणीपणातून आलेला नव्हता. कळा सुरू होण्याआधी काहीही करून हे बाळ सरळ झालेच पाहिजे, या चाळीस वर्षे जपलेल्या भीतीतून तो आला होता, आणि ती भीती वैद्यकदृष्ट्या अगदी बरोबर होती. आडव्या बाळाचे डोके जननमार्गाच्या तोंडावर बसलेले नसते. पाणमोट फुटली तर त्या मोकळ्या जागेतून नाळ खाली घसरू शकते आणि दबली तर बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. कळा चालू राहिल्या तर खांदा किंवा हात अडकतो आणि गर्भाशय फाटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. पूर्ण दिवसांचे आडवे बाळ तसेच्या तसे नैसर्गिक मार्गाने जन्म घेऊ शकत नाही.

मी त्यांना सांगितले, की तुमची भीती खरी आहे, फक्त तिच्यावरचा उपाय आता बदलला आहे. घरी पोट चोळताना वार कुठे आहे, नाळेचा वेढा आहे का, बाळाचे ठोके मंदावत आहेत का, हे हाताला कळत नाही, आणि जोर दिल्याने वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो. हेच बाहेरून बाळ वळवण्याचे काम प्रशिक्षित डॉक्टर साधारण 36 ते 37 आठवड्यांनंतर रुग्णालयात करतात. तेथे आधी सोनोग्राफी होते, गर्भाशय सैल पडावे म्हणून औषध दिले जाते, ठोके सतत पाहिले जातात आणि गरज पडली तर ऑपरेशनची सोय शेजारीच असते. तशी तातडी सुमारे 200 मध्ये एखादीवर येते. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर नंतर अँटी-डी इंजेक्शन लागू शकते. वार खाली असेल, रक्त जात असेल किंवा पाणमोट फुटली असेल तर हा प्रयत्न करत नाहीत, आणि तो प्रत्येकीला सुचवला जातोच असेही नाही. इंटरनेटवर दाखवली जाणारी आसने, गुडघे व छाती टेकून राहणे, पोटावर दिवा किंवा बर्फ धरणे, यांनी बाळ वळते याला भक्कम पुरावा नाही, म्हणून त्यांवर आशा टांगून ठेवू नये, असे मी सर्वांनाच सांगते.

मांयनी ग्रामदेवतेपुढे प्रसाद लावला होता, म्हणजे कौल मागितला होता, आणि उजवी पाकळी, म्हणजे देवाचा होकार, मिळाली होती, हेही त्यांनी सांगितले. मी विचारले, की देवाकडे नेमके काय मागितले होते. त्या म्हणाल्या, ‘सुनेची सुखरूप सुटका.’ बाळ वळावे, असे त्यांनी मागितलेच नव्हते. हे त्यांच्याच लक्षात आले आणि त्यांनी वयजिणीला निरोप पाठवून येणे रद्द केले.

मग आम्ही चौघांनी बसून पुढच्या दिवसांची आखणी केली, आणि तेथे खरा प्रश्न अंतराचा होता. तिच्या गावातून बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत) पोचायला तासाहून अधिक वेळ लागतो, दिवस आषाढाचे होते, आणि त्या रस्त्यावर पावसात झाड कोसळून वाहतूक खोळंबणे नवीन नव्हते. बाळ आडवे असताना कळा सुरू होण्याची वाट पाहत इतक्या दूर राहणे योग्य नसते, म्हणून 37 आठवड्यांच्या पुढे अनेकदा रुग्णालयात दाखल होऊन राहण्याचा सल्ला देतात. घरी असेपर्यंत काय करायचे, ते तिने फळ्यावर लिहावे तशा ठळक अक्षरात कागदावर लिहून दाराशेजारी चिकटवले. पाणी गेले, तर कळा नसल्या तरी लगेच 108 ला फोन करायचा आणि बाळ आडवे असल्याचे पहिल्याच वाक्यात सांगायचे. चालायचे नाही, कंबरेखाली उशा घेऊन कुशीवर पडून राहायचे, काही खायचे-प्यायचे नाही. नाळ बाहेर जाणवली तर ती ओढायची किंवा आत ढकलायची नाही, गुडघे आणि छाती टेकून पार्श्वभाग उंच ठेवायचा. रक्त गेले, कळा आल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता निघायचे. कागद लावल्यावर आपल्याला पहिल्यांदा सलग झोप लागली, असे तिने नंतर सांगितले.

37 व्या आठवड्यात डॉक्टरांनी बाळ वळवण्याचा प्रयत्न केला. दुसरी खेप असल्याने आणि पाणी पुरेसे असल्याने ते सोपे गेले, काही मिनिटांत डोके खाली आले. घरी नारळ फुटला. चार दिवसांनी तपासणीत बाळ पुन्हा तिरपे होऊन आडवे झालेले आढळले. सैल पोटात असे होऊ शकते. तिने मला फोन केला तेव्हा मी प्रथम विचारले, की आता मनात कोणता शब्द येतो आहे. ती म्हणाली, ‘नापास हा शब्द आला होता, पण मी तो खोडला.’

त्याच संध्याकाळी ती दाखल झाली. तेथले अकरा दिवस सोपे गेले नाहीत, आणि ते सोपे जातील असे मी तिला सांगितलेही नव्हते. अंगात काही दुखत नसताना वॉर्डात पडून राहायचे, शेजारच्या खाटांवर बाळंतिणी येऊन बाळे घेऊन जाताना पाहायच्या, आणि घरची पाच वर्षांची मुलगी रोज रात्री फोनवर ‘तू कधी येणार’ विचारणार, यात माणूस खचतो. मुलीला ‘उद्या येते’ असे खोटे न सांगता कॅलेंडरवर रोज एक चौकोन रंगवायला द्यावा, एवढे मी सुचवले. नवऱ्याने ते मनावर घेतले आणि रंगवलेल्या पानाचा फोटो तो रोज पाठवू लागला. वॉर्डात बसून ती शाळेच्या तिसरीच्या वर्गासाठी गणिताची कोडी तयार करत राहिली. कुटुंबे अशा मुक्कामाला ‘उगाच अडकवून ठेवले’ म्हणतात, हे मला फार खटकते, कारण पाणमोट फुटल्यावर ऑपरेशन थिएटर पाच मिनिटांवर असणे हाच तेथे उपचार असतो.

ऑपरेशनची तारीख 39 व्या आठवड्यासाठी ठरली होती. आदल्या दिवशी तिने डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा, असे मी सुचवले होते. आडव्या बाळाची पाठ खालच्या बाजूला असेल, तर गर्भाशयावरचा छेद नेहमीसारखा आडवा न घेता कधी कधी उभा घ्यावा लागतो, आणि उभा छेद असेल तर पुढच्या गरोदरपणात कळांची वाट पाहू देत नाहीत. त्वचेवरच्या व्रणावरून हे कळत नाही, म्हणून ते कागदावर लिहून घेणे आवश्यक असते. तिच्या बाबतीत डॉक्टरांनी छेद घेण्यापूर्वी बाळ हाताने उभे करून घेतले आणि छेद आडवाच राहिला. मुलगा झाला, दोन किलो नऊशे ग्रॅमचा, आणि लगेच रडला.

दीड महिन्याने ती तपासणीसाठी आली, तेव्हा मांय सोबत होत्या. ऑपरेशनचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी घराच्या दस्तऐवजांच्या पेटीत ठेवला होता आणि मला दाखवण्यासाठी मुद्दाम काढून आणला होता. त्यांना मराठी वाचता येते, इंग्रजी येत नाही, म्हणून सुनेने कागदाच्या मागे मराठीत लिहून दिले होते, ‘गर्भाशयावरील छेद आडवा, खालच्या भागात.’ मांयनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, की आमच्या जावेच्या वेळी असा कागद कोणी करून दिला असता का. मी खरे ते सांगितले, की तेव्हा तिला कागद लिहिणाऱ्यापर्यंत पोचायला रस्ताच नव्हता. त्यांनी मान हलवली, कागद पुन्हा पिशवीत घातला आणि नातवाला माझ्या मांडीवर दिले.