गोळ्या चालू असताना अ‍ॅक्युपंक्चर घेतलं तर चालतं का?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या मिस्टरांना डिप्रेशन आहे. गोळ्यांनी बराच फरक पडलाय, पण झोप अजून तुटक लागते आणि कशातच मन रमत नाही म्हणतात. नणंदेने अ‍ॅक्युपंक्चर सुचवलं म्हणून चौकशी केली तर तिथले म्हणाले, सुया सुरू झाल्या की गोळ्या बंदच करून टाकू. मिस्टर तर खूशच झाले, त्यांना गोळ्यांचा कंटाळा आलाय. सुयांनी खरंच फायदा होतो का?

उत्तर : ताई, सुया खुशाल लावून बघा. पण गोळ्या बंद करायच्या की नाही हे ठरवायचा अधिकार ज्यांनी त्या लिहून दिल्यात त्यांचाच, सुया टोचणाऱ्याचा नाही. आणि पेशंट न बघताच गोळ्या बंद करू म्हणणारा माणूस मला तरी पटत नाही, दुसरा कोणी शोधा. या गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर येते, मळमळतं, चिडचिड होते, कुणाकुणाला डोक्यात करंट लागल्यासारखे झटके बसतात, मग घरच्यांना वाटतं आजार वाढला. शिवाय पूर्ण बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने तरी गोळ्या चालू ठेवायला सांगतात, कारण घाईने सोडल्या की आजार उलटायची भीती जास्त. मिस्टर तर अजून पूर्ण बरे झालेलेच नाहीत. त्यांची झोप आणि मन न रमणं हे आधी त्यांच्या डॉक्टरांना सांगा, कधी कधी नुसता डोस किंवा गोळीची वेळ बदलूनही काम होतं.

आता फायद्याचं. २०१३ मध्ये इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास आला, डिप्रेशनचे ७५५ पेशंट, काहींना अ‍ॅक्युपंक्चर, काहींना काउन्सेलिंग, काहींना फक्त नेहमीचे उपचार, आणि महत्त्वाचं म्हणजे नेहमीचे उपचार कुणाचेच थांबवले नव्हते. आठवड्याला एक अशी जास्तीत जास्त १२ सेशन. तीन महिन्यांनी सुया आणि काउन्सेलिंग दोन्ही गटांना नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त बरं वाटत होतं, आणि त्या दोघांत म्हणावा असा फरक नव्हता. ऐकायला छान आहे, पण त्यात खोट्या सुयांचा, म्हणजे तुलनेसाठी नुसत्या नावापुरत्या लावलेल्या सुयांचा, गट नव्हता. अर्धा तास शांत पडून राहायचं, कोणीतरी आस्थेने झोप कशी आहे, भूक कशी आहे विचारतंय, याचाही परिणाम होतोच की. कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या २०१८ च्या आढाव्यात ६४ अभ्यास एकत्र तपासले, तर काहीच न करण्यापेक्षा सुयांनी बरं वाटतं, पण खोट्या सुयांशी तुलना केली की फरक छोटा होतो, आणि एकूण पुरावा कच्चाच. म्हणजे जोडीला घ्यायला हरकत नाही, गोळीची जागा द्यायला मात्र एवढ्यावर माझं मन धजत नाही.

टाळूच्या मध्यावर, दोन भुवयांच्या मधे, मनगटाच्या आतल्या बाजूला, गुडघ्याखाली अशा सुया लावतात, साधारण अर्धा तास ठेवतात. इंजेक्शनसारखं दुखत नाही, जड जड किंवा मुंग्या आल्यासारखं वाटतं. सुयांचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे आणि सुया वापरून फेकल्या पाहिजेत, यात भीड नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. पहिल्या वेळी उपाशीपोटी जाऊ नका, काहींना भोवळ येते.

झोप किती लागली, सकाळी उठावंसं वाटलं का, एवढं रोज वहीत लिहायला लावा आणि सहा-आठ सेशननंतर पाहा, काहीच हललं नसेल तर पैसे वाचवा. आणि मधेच कधी जगून काय करायचं असं बोलायला लागले तर पुढच्या सेशनची वाट बघू नका, एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : माझ्या आईला पेसमेकर आहे, तिने डिप्रेशनसाठी अ‍ॅक्युपंक्चर घेतलं तर?

उत्तर : साध्या सुया चालतात, पण सुयांना करंट जोडतात तो प्रकार नको. तिथे गेल्या गेल्या पेसमेकरचं सांगायचं, ते विचारतील याची वाट बघायची नाही, आणि हृदयाच्या डॉक्टरांच्याही कानावर घाला.