मतदानात ‘काहीही चालेल’ हा पर्याय ठेवावा का?

जरूर ठेव, पण ती मतं कशी मोजणार ते मतदान सुरू होण्याआधीच लिहून टाक. समज, बाजूने ४०, विरोधात ३५ आणि ‘काहीही चालेल’ला २५. फक्त बाजू घेणाऱ्यांची मतं धरलीस तर ठराव पास. एकूण शंभरात निम्म्याहून जास्त हवीत म्हटलंस तर नापास. निकाल लागल्यावर हा नियम ठरवायला बसलास की भांडण ठरलेलंच! गणपूर्तीसाठी, म्हणजे मतदान ग्राह्य धरायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, मात्र ही मतं धरच. माणूस आला, त्याने वाचलं, मत नोंदवलं. न फिरकणाऱ्यांत त्याला कशाला ढकलायचं?

आणि दोन पर्यायांतून एक निवडायचा असेल तर ‘दोन्ही नकोत’ हा पर्याय वेगळा दे. नाहीतर वैतागलेले लोकही ‘काहीही चालेल’वरच क्लिक करतात आणि तुला वाटतं, सगळे खूश आहेत. पसंतीक्रम (पहिली पसंती, दुसरी पसंती असा) लावायचा असेल तर हे काहीच नको, ज्याला फरक पडत नाही त्याला रकाने रिकामे सोडू दे.