वाचकांचे प्रश्न : पितळी सुटे भाग आणि खारी हवा

प्रश्न : मी वेंगुर्ल्याला राहतो. १९६५ साली भारत-पाक युद्धातल्या फिल्लोऱ्याच्या लढाईत उतरलेल्या पूना हॉर्स या भारतीय रणगाडा-पलटणीच्या सेंच्युरियन रणगाड्याचे प्लास्टिकचे मॉडेल मी १:३५ या प्रमाणात करत असून, त्यासाठी पितळी पत्र्याचे भाग आणि धातूची तोफनळी वेगळी विकत घेतली आहे. जुलैत चिकटवलेले भाग आठवड्याभरात सुटले, सांध्यांभोवती पांढरी झाक आली आणि उरलेला पत्रा काळवंडला. पावसाळ्यात हे काम करूच नये का?

उत्तर : जरूर करावे, मात्र आपल्याकडच्या हवेचा स्वभाव ओळखून करावे. प्लास्टिकचा गम प्लास्टिक विरघळवून जोड देतो, त्यामुळे पितळेवर त्याचा उपयोग होत नाही आणि सायनोॲक्रिलेट (सुपरग्लू) वापरावाच लागतो. हा गम हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. कोकणातल्या जुलैत तो इतक्या चटकन धरतो की भाग नीट टेकण्याआधीच वरचा थर आळतो, आणि असा जोड कच्चा राहतो. पांढरी झाक म्हणजे त्याच गमाची वाफ ओलाव्याशी मिळून आसपास बसलेली असते. यासाठी बाटलीतून थेंब न टाकता सुईच्या टोकाने जेमतेम टिपका लावावा आणि काम चालू असताना हवा खेळती ठेवावी. फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर आत दव धरते.

पत्रा काळवंडतो तो खाऱ्या, दमट हवेने आणि बोटांच्या घामाने. भाग कापण्यापूर्वी संपूर्ण पत्रा भांड्यांच्या साबणाने धुऊन कोरडा करावा, पुढचे काम चिमट्याने करावे आणि बसवलेल्या भागांवर त्याच दिवशी धातूवर चालणारा प्रायमर (रंगाआधीचा अस्तर-थर) मारावा. लॅकर प्रायमर मात्र पाऊस कोसळत असताना फवारू नये. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर पाणी धरते आणि रंग पांढुरका पडतो. उघडीप मिळेपर्यंत थांबावे. वाकवायचा पत्रा ताठ वाटला तर गॅसच्या ज्योतीवर क्षणभर फिरवून हवेत गार होऊ द्यावा, म्हणजे तो मऊ पडतो.

एक आगंतुक सल्ला देतो. पाकिटात आहे म्हणून प्रत्येक भाग बसवू नये. १ मिमी जाडीचे प्लास्टिक या प्रमाणात ३५ मिमी जाड चिलखतासारखे दिसते. म्हणून बाजूचे झडपपत्रे (पट्ट्यांवर लटकणारे पातळ पत्रे) आणि मडगार्ड यांना पितळ शोभते, पण गोल हुकांच्या जागी चपटा पत्रा लावणे हे नुकसानच. तोफनळीचे तोंडही मोजून घ्यावे. त्या वेळच्या २० पौंडी तोफेच्या नळीचा आतला व्यास ८४ मिमी, म्हणजे आपल्या मॉडेलवर सुमारे २.४ मिमी येतो. तुमच्याकडची नळी ३ मिमी भरली, तर ती नंतरच्या १०५ मिमी तोफेची आहे.

प्रश्न : रेझिनची तोफनळी वाकडी आली आहे. परत पाठवू का? (चिपळूण)

उत्तर : आधी गरम पाण्यात मिनिटभर बुडवून सपाट काचेवर लोळवा आणि सरळ झाली की लगेच थंड पाण्यात धरा. भागाला चिकटलेली ओतकामाची खोडे कापताना आणि घासताना पॉलिश पेपर ओला ठेवा व तोंडाला मास्क लावा, कारण रेझिनची धूळ छातीत जाऊ देऊ नये.