शेरा मारायची घाई नको

सोलापुरात परिविक्षा अधिकारी म्हणून रुजू झालास ना, मग ऐक. गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडायच्या १९५८ च्या परिविक्षा कायद्यात बंधपत्राची, म्हणजे नीट वागण्याच्या लेखी हमीची, मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं. गुन्ह्याची सवय त्या हिशोबानं सुटत नाही. बोस्टनच्या ५०० बालगुन्हेगारांच्या नोंदी पुढे त्यांच्या वयाच्या सत्तरीपर्यंत तपासल्या गेल्या. बहुतेकांनी कधी ना कधी गुन्हे सोडले होते, आणि टिकलेली नोकरी, जमलेला संसार यांचा त्यात मोठा वाटा होता. म्हणून पोरगा एकदा घसरला की ‘सुधारणार नाही’ असा शेरा मारू नकोस. (मी मारलेत. लाज वाटते.) त्याच्या घरी जाशील तेव्हा यंत्रमागावर पाळी कुठली, पगार कुणाच्या हातात जातो, रात्री बसतो कुणाबरोबर, हे विचार. सेटलमेंटचा, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना जिथं डांबलं त्या वसाहतीचा, पत्ता दिसला म्हणून मत तर मुळीच बनवू नकोस. जन्मजात गुन्हेगारीचा तो शिक्का कायद्यानं १९५२ लाच पुसलाय.